बेंदूर कुठून आला? तिसरीतल्या एका 'छापू' पोराचं प्रकरण

हे प्रकरण २०२३-२४ या वर्षातलं, भांडुपमधल्या एका अनुदानित मराठी शाळेतलं. दुपारचं सत्र, तिसरीचा वर्ग, मी वर्गशिक्षिका. शाळेचं नाव घेत नाही आणि पोराचं नाव बदललंय, इथे त्याला सोन्या म्हणूया. वर्गात सगळे त्याला 'छापू' म्हणायचे, ते मात्र खरं आहे, दुसरीतूनच ते नाव त्याच्याबरोबर वर आलं होतं.

तक्रार साधी होती, शेजारच्या मुलीचं बघून लिहितो. दिवसातून एकदा तरी "टीचर, हा बघतोय माझंऽऽ" असा आवाज उठायचाच आणि उठला की सोन्या मान खाली घालून पेन्सिलीला टोक करायला घ्यायचा. त्या मुलीला शेजारीण म्हणते. हुशार, टापटीप अक्षर, स्वभावाने गरीब, वहीवर हात आडवा धरून लिहिणाऱ्यातली नाही, त्यामुळे याला ती बरी सापडली होती. दुसरीच्या बाईंनी त्याला एकट्याला दाराजवळच्या बाकावर बसवून बघितलं होतं, तर तो मागे वळून मागच्याचं लिहायला लागला आणि मागचा पोरगा याच्याइतकाच कच्चा, म्हणजे दोघांच्या वह्यांत एकसारखा गोंधळ.

ऑगस्टमध्ये पायाभूत चाचणी झाली. त्या वर्षीपासून सरकारने तिसरी ते आठवीला नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू केल्या, त्यातली ही पहिली. मराठीच्या पेपरात दोघांची उत्तरं शब्दाला शब्द सारखी आली, चुकांसकट. मग शेजारणीची आई शाळेत आली. "टीचर, माझी मुलगी घरी बसून अभ्यास करणार आणि मार्क त्याला पण तेवढेच, हे कुठलं?" तिचं बरोबरच होतं, आणि अशा प्रकरणात जिचं बघून लिहिलं जातं तिचा विचार सगळ्यात शेवटी होतो हेही खरं.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, जागा बदला, वडिलांना बोलवा, लेखी घ्या. जागा बदलून काय होतं ते दुसरीत दिसलेलंच होतं. वडिलांना बोलावलं, ते रिक्षा चालवतात, धंद्याच्या वेळात आले, उभ्याउभ्याच ऐकून घेतलं आणि माझ्यासमोरच पोरावर हात उगारला. मी मध्ये पडले तर मला म्हणतात, "बाई, तुम्ही फोडून काढा त्याला, आमची काय हरकत नाय." हे वाक्य ऐकलं नाही अशी शिक्षिका मुंबईच्या मराठी शाळांत सापडायची नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही, हे सांगितलं, तर त्यांच्या चेहऱ्यावर 'बिचाऱ्या बाईंची अडचण आहे' असा भाव आला. लेखी मी काही घेतलं नाही. 'मी पुन्हा कॉपी करणार नाही' हे वाक्य तरी तो कुठून लिहिणार, फळ्यावर बघूनच ना.

त्याला काही विचारायच्या आधी मला त्याच्या वह्या बघायच्या होत्या. कॉपी करणारं पोर पकडलं की आपण त्याच्याशी बोलायला जातो, का केलंस, कशाला केलंस, आणि आठ वर्षाच्या पोराला त्याचं उत्तर देता येत नाही, ते रडतं किंवा गप्प बसतं. वही बोलते. दोघांच्या परिसर अभ्यासाच्या वह्या घरी आणल्या आणि शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. एका उत्तरात 'विद्यार्थ्यांनी' हा शब्द होता. शेजारणीची ओळ संपत आली होती म्हणून तिने 'विद्यार्थ्यां' वर लिहिलं आणि 'नी' खालच्या ओळीत घेतलं. सोन्याचं अक्षर मोठं, त्याची ओळ वेगळ्या ठिकाणी मोडत होती, तरी त्याने 'विद्यार्थ्यां' लिहिलं, मध्ये बोटभर जागा सोडली, मग 'नी'. ओळीच्या मधोमध. तिने एक शब्द चुकून अर्धा लिहून त्यावर दोन रेघा मारल्या होत्या, यानेही तो अर्धा शब्द लिहून त्यावर दोनच रेघा मारल्या होत्या. म्हणजे पोरगा वाचून लिहीतच नव्हता, चित्र उतरवत होता. ज्याला वाचता येतं आणि आळसापोटी कॉपी मारतो तो असं करत नाही, तो निदान खोडलेलं तरी गाळतो.

पुढे मी फक्त बघत राहिले, तो कधी बघतो आणि कधी बघत नाही. चित्रकलेत बघत नव्हता. कविता पाठ म्हणायला सगळ्यात आधी हात वर. तोंडी प्रश्नांना बऱ्यापैकी उत्तरं, कधी कधी वर्गाला हसवणारी. पेन्सिल हातात आली आणि वाक्य लिहायचं म्हटलं की मान वळलीच.

आणि मग तो निबंध. गणपतीच्या आधी मी 'माझा आवडता सण' यावर पाच ओळी लिहायला दिल्या. सोन्याने लिहिलं की त्याचा आवडता सण बेंदूर, त्या दिवशी ते साताऱ्याला गावी जातात आणि मामा बैलांची शिंगं रंगवतो. आता बेंदूर हा साताऱ्याकडचा बैलांचा सण आणि सोन्या कोकणातला, गुहागरकडचा. गणपतीला गावी जायचं म्हणून आठवडाभर आधीपासून वर्गात नाचत होता. मी जवळ बोलावून विचारलं, "सोन्या, बेंदूर म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "माहीत नाय टीचर." "मग लिहिलंस कसं?" तर शांतपणे म्हणाला, "तिचं झालं होतं ना."

तिचं झालं होतं. पान पूर्ण झालं होतं, म्हणून त्याचंही पूर्ण व्हायला पाहिजे होतं. आवडता सण कुठला हा प्रश्न त्याला विचारला गेलाय, त्याचं स्वतःचं काहीतरी त्यात यायला हवंय, हे त्याच्या गावीच नव्हतं.

ही सवय लागली कुठून त्याचा पत्ता आईकडून मिळाला. आई मुलुंडला चार घरचा स्वयंपाक करते, एका शनिवारी कामावरून परस्पर आली. सोन्याची पहिली म्हणजे २०२१-२२. मुंबईत पहिलीच्या पोरांना शाळेचं दार उघडलं १५ डिसेंबर २०२१ ला, जानेवारीत ओमायक्रॉन आला आणि परत बंद, पुन्हा उघडलं २४ जानेवारीला. त्याआधीचं सगळं व्हॉट्सअॅपवर. घरात स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांच्या खिशात रिक्षाबरोबर फिरणार. वडील रात्री दहाला आले की ग्रुपवर दिवसभराचा अभ्यास दिसायचा, पोर झोपेला आलेलं, आईला स्वतःला सातवीपर्यंत शिकूनही वेळ नाही, मग कुठल्यातरी मुलाच्या आईने टाकलेला पूर्ण केलेल्या पानाचा फोटो मोठा करून ती त्याच्यासमोर धरायची आणि सोन्या ते बघून उतरवायचा. त्याचा फोटो काढून पाठवायचा. समोरून अंगठा नाहीतर स्टार यायचा. "एक दिवस चुकवला नाय टीचर," आई म्हणाली, आणि तिला त्याचा अभिमान होता, आणि असायलाच पाहिजे होता, कितीतरी घरांतून त्या वर्षी काहीच आलं नव्हतं.

म्हणजे या पोराला अक्षरओळख व्हायच्या वयात वर्षभर रोज रात्री दुसऱ्याचं पान बघून उतरवल्याबद्दल स्टार मिळाले. तिसरीत तेच केलं तर आम्ही त्याला छापू म्हणायला लागलो. माझं या प्रकरणातलं म्हणणं एवढंच आहे की त्याने नियम मोडला नव्हता, त्याला शिकवलेला नियम तो इमानदारीत पाळत होता. आणि हे फक्त कोरोनाचं नाही. शाळेत आम्ही काय करतो? फळ्यावरून उतरवून घ्या. ट्यूशनला काय? चाळीत एक ताई पहिली ते सातवीची पोरं एका खोलीत घेऊन बसतात, गाईडमधलं उत्तर एकाला लिहायला लावतात आणि बाकीचे त्याचं बघून लिहितात. मी त्या ताईंना भेटले, त्या स्पष्ट बोलल्या, "मॅडम, पालक येऊन वही बघतात, वही भरलेली नसेल तर फी कोण देणार?" काय बोलणार यावर.

नैतिकतेचं लेक्चर मी दिलंच नाही. बघून लिहिणं वाईट असतं हे त्याला माहीत होतं, नाहीतर आवाज उठल्यावर पेन्सिलीला टोक कशाला करायला घेतलं असतं.

आता मुळात येतं काय ते तपासणं. मुलांना वाचता येतं का ते घरोघरी जाऊन तपासणाऱ्या असर सर्वेक्षणात वाचनाची जी पद्धत वापरतात, अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट, ती कुठल्याही शिक्षिकेला एका पोरासाठी थोड्या मिनिटांत करता येते. सोन्या शब्दांवर अडकला. काना, वेलांटी, उकार ठीक, दोन-तीन अक्षरी साधे शब्द सुटे वाचले. परिच्छेदात पहिलं जोडाक्षर आलं की थांबायचा, माझ्या तोंडाकडे बघायचा. (माझ्या तोंडाकडे! कॉपी करायला दुसरं काही नव्हतं ना.) आईला सांगून पालिकेच्या दवाखान्यात डोळे तपासून घेतले, नंबर निघाला नाही. हे आधी करावंच, फळा दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारी पोरं मी पाहिलीत.

गणितात मजा होती. कागदावर ५० वजा १८ दिलं, उत्तर आलं ४८. कसं, तर आठातून शून्य गेलं आठ, पाचातून एक गेला चार. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच त्याला ठाऊक, वर कोण खाली कोण याच्याशी घेणंदेणं नाही. मग मी विचारलं, "वाण्याकडे पन्नासची नोट दिलीस, अठराची साखर घेतली, किती परत?" "बत्तीस." लगेच. "कसं काढलंस?" "अठराला दोन दिले की वीस, मग वर तीस." "आणि त्याने अठ्ठेचाळीस परत दिले तर?" "तो येडाय काय टीचर?"

एकाच पोराकडे एकाच वजाबाकीची दोन उत्तरं, एक दुकानातलं आणि एक शाळेतलं, आणि शाळेतलं चूक आहे याचा त्याला संशयही येत नाही कारण शाळेतल्या आकड्यांचा कशाशी संबंध असतो असं त्याला कधी वाटलंच नाही. हे आपल्याच वर्गात होतं असंही नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या पोरांवर केलेला मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही हेच, गिऱ्हाईकाचा हिशोब तोंडी बिनचूक करणारी पोरं कागदावरच्या शाळेच्या गणितात अडकतात. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई माहेरच्या पाटणकर, एवढं सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

अजून एक म्हणजे आकडे उलटे. त्रेसष्ट म्हटलं की ३६ लिहायचा. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, लिहिताना उलटं, कच्चं पोर ऐकेल तसं डावीकडून लिहीत जातं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत गेलं. भाषेच्या बाजूने ओरडणाऱ्यांचं मला पटत होतं, पण सोन्यासारख्या पोरासमोर बसलं की त्या पुस्तकवाल्यांना काय दिसलं असेल तेही कळतं. मी दोन्ही म्हणून घेत होते, त्रेसष्ट म्हणजे साठ आणि तीन.

गणपतीवरून सोन्या गौरी-विसर्जनानंतरही चार दिवस दांडी मारून परत आला. मी त्याला शाळा भरायच्या आधी बोलवायला लागले, सकाळचं सत्र सुटून वर्ग रिकामा व्हायच्या वेळात आम्ही जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर बसायचो. मधल्या सुट्टीत मुद्दाम नाही, सुट्टी काढून घेतली की पोराला ती शिक्षा वाटते. त्याला म्हटलं, तू लिहू नकोस, गावाला काय काय झालं ते सांग, मी लिहिते. तो बोलायला लागला तर थांबेना. पप्पांनी रिक्षा काकांच्या ताब्यात दिली. एसटीत खिडकी मिळाली नाही. वडखळला गाडी थांबली तेव्हा भजी खाल्ली. माणगावला ट्रॅफिक. घरचा गणपती पाच दिवसांचा. रात्री बाल्या नाच, नाचणाऱ्यांच्या पायात घुंगरं, आणि आजोबा अजून नाचतात. मी त्याचे शब्द होते तसे, 'नाय'ला 'नाय'च ठेवून, मोठ्या अक्षरात लिहून काढले.

मग त्याला म्हटलं, आता हे बघून लिही.

तो माझ्याकडे बघतच राहिला. बघून लिहायचं? हो, बघूनच लिही, हे तुझंच आहे. कॉपी ही त्याची एकमेव पक्की सवय होती, ती तोडण्यापेक्षा कामाला लावली. लिहून झाल्यावर मी त्याला ते वाचायला सांगितलं आणि त्याने वाचलं, 'ट्रॅफिक'सुद्धा. आता हे पाठांतर असू शकतं, म्हणून वाक्यांच्या पट्ट्या कापल्या, मग शब्द कापले, उलटसुलट केले आणि त्याला जुळवायला दिले. 'आजोबा ट्रॅफिक खातात' असं झालं की खदाखदा हसायचा, आणि हसायला यायचं म्हणजे वाचलं होतं. जोडाक्षरं त्याच्याच शब्दांतून घेतली, आधी एकाच अक्षराची, पप्पा, चप्पल, गल्ली, मग पुस्तक, म्हैस अशी, रफार आणि ट्र-प्र सगळ्यात शेवटी. 'विद्यार्थ्यांनी'ला हात लावायला फेब्रुवारी उजाडला.

वर्गात जागा तीच ठेवली, शेजारणीजवळ. काम बदललं. बाकीच्यांना दहा गणितं तर त्याला तीन, आकडे वेगळे, आणि सुरुवातीला नोटा-नाण्यांसकट, दहाच्या खोट्या नोटा आणि रुपया-रुपयाची नाणी, दहाची नोट मोडल्याशिवाय सुटे मिळत नाहीत हे त्याला वाण्याकडून माहीतच होतं, त्यामुळे हातचा घेणं त्याला समजावावं लागलं नाही, फक्त कागदावर कसं लिहायचं ते दाखवावं लागलं. दुसरा नियम सगळ्या वर्गाला, येत नसेल ते रिकामं सोडा, रिकाम्या जागेला लाल शेरा नाही. हे ऐकायला सोपं वाटतं. सोन्या रिकामं सोडेचना. पोटात गोळा यायचा त्याच्या. आईला आणि त्या ट्यूशनच्या ताईंना दोघींना सांगावं लागलं की या पोराच्या वहीत मोकळ्या जागा दिसल्या तर रागावू नका, मला त्या हव्यात. आई हो म्हणाली. ताई म्हणाल्या, लिहून द्या. दिलं लिहून.

तिसरी युक्ती टिंबाची. दुसऱ्याचं बघितलं असेल त्या उत्तराच्या बाजूला पेन्सिलीने टिंब द्यायचं, बस, रागावणार नाही. पहिल्या आठवड्यात सोन्याचं पान गोवर आल्यासारखं. पण मला अपेक्षा नव्हती ते वेगळंच घडलं, वर्गातली बाकीची पोरंही टिंबं द्यायला लागली. तोंडाने सगळे "आम्ही नाय बघत" म्हणणारे, आणि टिंबं बघितली तर अर्धा वर्ग कुठे ना कुठे डोकावत होता. शेजारणीच्या वहीतही इंग्रजीत दोन टिंबं निघाली. 'छापू' हे नाव त्यानंतर आपोआप कमी झालं, मी त्यावर काहीही बोलले नव्हते.

शेजारणीशी मात्र मी वेगळं बोलले. तिला सांगितलं की वही दाखवायची जबाबदारी तुझी नाही, आणि दाखवायला नाही म्हटलं तर तू वाईट मुलगी होत नाहीस. तिला नुसतं 'नाही' म्हणणं जड जात होतं म्हणून एक वाक्य दिलं, "आधी तू लिही, मग दाखवते." ते तिने लगेच उचललं. तिच्या आईला चाचणीचे पेपर दोघांचे वेगळे बसवून घेईन असं सांगितलं आणि तसं केलं. आई पूर्ण समाधानी झाली असं म्हणणार नाही, पण पुन्हा तक्रार घेऊन आली नाही.

दिवाळीनंतर वाचन हळूहळू सुटायला लागलं. परिच्छेद अडखळत का होईना वाचायचा. वजाबाकी दोन अंकी कागदावर जमायला लागली. आणि मला वाटलं आता बघून लिहिणं आपोआप थांबेल, येतंय ना त्याला. थांबलं नाही.

जानेवारीत एका वर्गपाठात ६१ वजा २८ होतं. त्या दिवशी सगळ्यांना एकच गणितं दिली होती. शेजारणीने गडबडीत ४३ लिहिलं, सोन्याच्या वहीतही ४३. मी वही उचलून खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. सोन्या पेन्सिल दाबून लिहितो, खोडलं तरी कागदावर खाच राहते. ४३ च्या खाली ३३ होतं. मांडणी बरोबर, सहाचे पाच केलेले, अकरातून आठ, सगळं बरोबर, आणि मग त्याने तिचं ४३ बघितलं, स्वतःचं बरोबर उत्तर खोडरबराने पुसलं आणि चुकीचं लिहिलं. टिंबसुद्धा दिलं होतं बाजूला, इमानदारीत.

यायला लागणं आणि आपल्याला येतंय हे पटणं, यांच्यात या पोराला मधले काही महिने लागत होते. तीन वर्षं ज्याचं स्वतःचं उत्तर कधी बरोबर नव्हतं त्याने नेहमी बरोबर असणाऱ्या मुलीच्या उत्तरावर विश्वास ठेवला तर त्यात नवल काय. कौशल्य शिकवून कॉपी सुटते हे अर्धंच खरं आहे.

उपाय एकदम साधा केला, खोडरबर काढून घेतला. सगळ्या वर्गाचा, त्याच्या एकट्याचा नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारा आणि बाजूला नवीन लिहा. मोठ्या बाईंना वह्या घाणेरड्या दिसतात म्हणून ते आवडलं नाही आणि वह्या खरंच घाणेरड्या दिसत होत्या. पण आता खोडलेलं वाचता येत होतं. तपासताना मी खोडलेल्या बरोबर उत्तरालाही बरोबरची खूण करायला लागले. सोन्याच्या एका पानावर अशा तीन खुणा रेघ मारलेल्या उत्तरांवर आल्या तेव्हा तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "टीचर, हे माझं आधीचं होतं." म्हटलं, "हो ना, कशाला बदललंस?" यावर काही बोलला नाही, पण वही नेऊन शेजारणीला दाखवली.

मार्चमध्ये एकदा दोघांचं जोरात भांडण ऐकू आलं, तो तिला म्हणत होता तुझं चुकलंय, ती म्हणत होती तुझं चुकलंय. बघितलं तर चूक त्याचीच होती. मी त्या दिवशी फार खूश होते.

अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन किंवा गणित अडतं त्याचं काय, असं सहकारी शिक्षिका विचारायच्या. तो प्रश्न मी बाजूला ठेवला होता, बंद केला नव्हता. केंद्राच्या ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तेव्हा त्याचं प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळायचं, नंतर चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असायची. सोन्याला आठ वर्षं त्याच हिवाळ्यात पूर्ण झाली. शिकवल्यावर तो पुढे सरकत होता, आणि ज्या पोराला नीट पहिलीच मिळाली नाही त्याच्यावर शिक्का मारायची घाई मला करायची नव्हती. आईला एवढंच सांगून ठेवलं की चौथीच्या दिवाळीपर्यंत गाडी अडली तर सायन हॉस्पिटलच्या एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे अध्ययन अक्षमता) क्लिनिकमध्ये नाव घालायचं, आणि ही भीतीची गोष्ट नाही, तिथून मिळणाऱ्या सवलती दहावीपर्यंत आणि पुढेही उपयोगी पडतात.

वार्षिक परीक्षेत मराठी आणि गणिताचे पेपर त्याचे स्वतःचे होते. मराठीत पेपर पूर्ण झाला नाही, शेवटचे दोन प्रश्न रिकामे. गोष्ट अजून वाचता येत नव्हती, परिच्छेद येत होता. इंग्रजीत मात्र जसाच्या तसा, पूर्ण पान शेजारणीचं, आणि तिथे मी वर्षभर हात घातलाच नव्हता. परिसर अभ्यासात निम्मं निम्मं. वडिलांनी प्रगतीपुस्तक बघून विचारलं, "मागच्या वर्षीपेक्षा मार्क कमी कसे?" त्यांना समजावलं की मागच्या वर्षीचे याचे नव्हते. ते ऐकून थोडं हसले, पहिल्यांदाच खुर्चीत बसून बोलत होते.

चौथीच्या बाईंना मी एक चिठ्ठी दिली, कारण प्रगतीपुस्तकात यातलं काहीच मावत नाही. जोडाक्षरात रफार अजून कच्चा. त्रेसष्ट-छत्तीस घाईत उलटं होतं. इंग्रजी अक्षरांपासून सुरू करा. खोडरबर देऊ नका. शेजारीण त्याच वर्गात आहे, दोघांना लांब बसवायचं की जवळ ते तिला विचारून ठरवा. आणि खाली लिहिलं की २०२३ मध्ये नियम बदललाय, पाचवीची वार्षिक परीक्षा आता पास व्हावी लागते, पुनर्परीक्षेतही जमलं नाही तर त्याच वर्गात बसावं लागतं, तेव्हा आपल्या हातात चौथीचं पूर्ण वर्ष आहे.

बाईंनी चिठ्ठी वाचली, म्हणाल्या, "माझ्याकडे असे अजून चार आहेत गं. ती टिंबाची युक्ती नीट सांग जरा."